चतकोर भाकरीचा हिशेब

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ सहकारनगरात आहे, सभासद १४०. ज्यांची पैशाची ओढाताण चालली आहे अशा सभासदांसाठी एक निधी उभारावा, असं दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं. अशी माणसं किती, हे कळावं म्हणून मासिक सभेत फॉर्म वाटला. त्यात नाव, वय, मासिक उत्पन्न (दहा हजारांखाली, दहा ते पंचवीस, पंचवीसच्या वर) आणि शेवटी ‘आपणांस आर्थिक अडचण आहे काय? होय / नाही’ असं विचारलं. ११२ फॉर्म परत आले. ‘होय’वर खूण चौघांची. अध्यक्ष म्हणतात, निधी कशाला, महाबळेश्वरला सहल काढू. मला पटत नाही. एक सभासद औषधाच्या दुकानात माझ्यासमोर दहाच्या पट्टीतल्या पाचच गोळ्या कापून मागत होते. त्यांच्या फॉर्मवर ‘नाही’ आहे. आमचं चुकलं कुठे?
— संघाचे सचिव, सहकारनगर

उत्तर : सचिवसाहेब, चौघांनी ‘होय’ म्हटलं याचंच मला नवल वाटतं. भरली सभा, मांडीला मांडी लावून बसलेला चाळीस वर्षांचा मित्र, कागदावर स्वतःचं नाव आणि गोळा करायला खुद्द खजिनदार. तिथे मीसुद्धा ‘नाही’च लिहिलं असतं. पुण्याचा माणूस एक वेळ उपाशी झोपेल, पण छापील कागदावर ‘अडचण’ या शब्दापुढे खूण करणार नाही.

ही चूक मी तुमच्याआधी केलेली आहे. एकतीस वर्षं मी घरोघरी सर्वेक्षणाचे फॉर्म भरत हिंडले. १९९६ साली रास्ता पेठेतल्या एका वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, सत्तरीच्या एका आजोबांना विचारत होते. मुलगा कॉटवर बसून पेपर वाचत होता. घरखर्च भागतो का? भागतो. औषधपाणी? होतं. हातखर्चाला पैसे मिळतात? आजोबांनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, “मागितले की देतो.” मी ‘अडचण नाही’ लिहिलं, कागद मिटला. निघाले तर आजोबा माझ्यामागून जिना उतरत आलेले, कठडा धरून, एकेक पायरी. खाली चौकात नळापाशी थांबून म्हणाले, “बाई, हाच कागद उद्या पुन्हा आणता का? तो सकाळच्या पाळीला असतो.” मी मान डोलावली आणि गेले नाही. त्या दिवसाची माझी घरं भरली होती, दुसऱ्या दिवशी भवानी पेठ होती. संस्थेच्या तक्त्यात ते आजोबा आजही ‘अडचण नाही’मध्ये बसलेले असतील.

तेव्हा पहिली गोष्ट: माणसाला एकटं गाठा. सुनेसमोर, मुलासमोर, बायकोसमोरसुद्धा विचारू नका.

आता उत्पन्नाच्या तुमच्या त्या तीन चौकटींबद्दल. एक गरिबीची रेषा आखायची आणि वरचे किती, खालचे किती ते मोजायचं, ही सवय जुनी आहे. आपल्याकडचं त्याचं सगळ्यांत गाजलेलं काम आपल्याच गावात झालं. डेक्कनच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली हिशेब मांडला, की माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळायचे तर १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस लागतात. पुढे सरकारी समित्या आल्या, पद्धती बदलल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साली देशभरातल्या शहरांची रेषा माणशी महिना १,००० रुपये निघाली, रंगराजन समितीनं ती १,४०७ वर नेली. कोण उपाशी आहे हे शोधायला ही रेषा होती, आणि त्या कामाला ती ठीकच आहे. पण तुमच्या संघातली माणसं उपाशी नाहीत. ती घाबरलेली आहेत. ते मोजायचं माप वेगळं.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर पोटावरून काढलेला हिशेब हमखास फसतो. अमेरिकेतसुद्धा फसला. तिथे १९६३-६४ च्या सुमारास सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी गरिबीची रेषा काढली, ती साधारण जेवणखर्चाची तिप्पट. म्हातारी माणसं खातात कमी, म्हणून ६५ च्या पुढच्यांची रेषा तरुणांपेक्षा खालची ठरली. ती आजही खालचीच आहे! आपल्याकडे हेच सुना-मुलगे दोन शब्दांत सांगतात: “त्यांना काय लागतं, चतकोर भाकरी.” लागते खरी चतकोरच. पण त्या भाकरीनंतर ज्या चार गोळ्या घ्यायच्या, त्या भाकरीच्या दहापट महाग असतात.

तिकडे मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या वार्धक्यावर काम करणाऱ्या संस्थेनं ‘एल्डर इंडेक्स’ नावाचं माप पुढे नेलं. मला ते आवडतं, कारण त्यात गृहिणीची अक्कल आहे. आधी उत्पन्न विचारतच नाहीत. या गावात, या वयात, कुणापुढे हात न पसरता राहायला किती लागतं ते काढतात: घर, जेवण, प्रवास, औषधोपचार, आणि या सगळ्यांच्या एक पंचमांश किरकोळ. घर भाड्याचं, कर्जाचं की फिटलेलं. माणूस एकटा की जोडपं. तब्येत उत्तम, बरी की वाईट, यावर आकडा बदलतो. मग त्या आकड्याशेजारी उत्पन्न ठेवतात.

हे माप पुण्यात लावून पाहू. माझ्या वहीतलं एक घर सांगते, ओळख पुसून. नवरा ७३, बायको ६८. भोसरीच्या कारखान्यात फोरमन होते. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. ईपीएस, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन, २,३४० रुपये. तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी जो आकडा होता तोच आज आहे. (ज्यांची हजाराहून कमी बसत होती त्यांना २०१४ पासून किमान हजार मिळू लागले. त्या हजाराचेही आजवर अकराशे झालेले नाहीत.) फंडाचे पंधरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेले. तिमाहीला ३०,७५० व्याज, म्हणजे महिन्याला १०,२५०. एकूण १२,५९०. तुमच्या फॉर्मवर मधली चौकट. माणशी सहा हजार तीनशेच्या आसपास, म्हणजे कुठल्याही समितीच्या रेषेच्या कितीतरी वर.

आता जावक. सोसायटीचा मेंटेनन्स २,५००, वीज आणि गॅस १,९००, किराणा-भाजी-दूध ७,०००, दोघांची औषधं ३,२००, बस-रिक्षा ८००. झाले १५,४००. मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला ४२,०००, तो महिन्यावर पसरला तर ३,५००. आता १८,९००. त्यावर पंचमांश किरकोळ धरा, ३,७८०. फोन, साबण, चष्म्याची काच, गिझरचा मिस्त्री सगळं त्यातच. बेरीज २२,६८०. दरमहा दहा हजार कमी पडतात. ते येतात बँकेतल्या ३ लाख ६० हजारांच्या मुदत ठेवीतून, जी दर दिवाळीला थोडी मोडली जाते. भाव आज आहेत तिथेच थांबले, तरी व्याज धरूनही ही ठेव साडेतीन वर्षंसुद्धा पुरत नाही. पोस्टातल्या व्याजाचा दर मात्र पाच वर्षं बांधलेला, तो हलत नाही.

त्या काकांना मी विचारलं, अडचण आहे का? “छे! स्वतःचं घर आहे, व्याज येतंय, कुणाचं देणं नाही.” तिन्ही गोष्टी खऱ्या. घर आजच्या भावानं ऐंशी-नव्वद लाखांचं असेल. त्यातली एक फरशी मोडून दूध आणता येत नाही, हा भाग वेगळा.

मेडिक्लेमबद्दल जाता जाता: सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं. ते काढून ठेवायला सांगाच. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, आणि ओढाताण तर तिथेच असते.

बोस्टनच्या त्या मापात एक गोष्ट मला खटकते. भेटवस्तू, समारंभ, फिरणं हे त्यांनी जगण्याच्या किमान खर्चात धरलेलं नाही. त्यांच्याकडे चालत असेल. आपल्याकडे आहेर धरला नाही तर काहीच धरलं नाही. पुतणीच्या लग्नात पाचशेचं पाकीट घेऊन जाताना लाज वाटते, दोन हजारांचं झेपत नाही, मग आदल्या दिवशी “गुडघे दुखताहेत” असा फोन जातो. भाऊबीजेला येणारी बहीण चार वर्षं येत नाही, कारण ओवाळणीचं दोन्हीकडून अवघड झालेलं असतं. माणूस उत्पन्न लपवतो, पण आपण कुठे कुठे जायचं सोडलं हे बोलता बोलता सांगून जातो. गुडघ्यावर ढकलून का होईना, सांगतो.

म्हणून माझी सूचना अशी, की काय येतं ते विचारू नका, काय थांबलं ते विचारा. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांचा ‘लासी’ नावाचा अभ्यास केला, त्याची पहिली फेरी २०१७-१८ ची. त्यातसुद्धा उत्पन्न-खर्चाबरोबर, घरात पुरेसं नव्हतं म्हणून जेवण कमी केलं का किंवा टाळलं का, असा प्रश्न आहे. आपल्या मध्यमवर्गात जेवणाच्या आधी बाकीचं कमी होतं. तुम्ही औषधाचं विचारा: गेल्या सहा महिन्यांत कुठली गोळी अर्धी करून, एक दिवसाआड घेतली का? रिक्षा सोडून बससाठी उभं राहायला कधीपासून लागलात? ठेव मुदतीआधी मोडली का? उद्या सकाळी दहा हजार लागले तर कुणाला फोन कराल? याचं उत्तर द्यायला माणूस किती वेळ घेतो, तेही लिहून ठेवा. माझ्या अनुभवात उत्तरापेक्षा ते जास्त सांगतं. आणि बायकांना एक प्रश्न वेगळा: पासबुक कुठल्या कपाटात असतं, आणि त्याची किल्ली कुणाकडे?

कधी कधी विचारावंही लागत नाही. कर्वेनगरच्या एका बाईंकडे स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर तीन वर्षांच्या दिनदर्शिका होत्या, एकीवर एक. पुण्यात बऱ्याच घरी असतात तशा. दुधाचे खाडे, मोलकरणीचे खाडे, आणि प्रत्येक सिलिंडर लावल्याची तारीख निळ्या पेनानं गोल केलेली. त्या चहा करत होत्या, मी उभ्या उभ्या पानं उलटली. दोन वर्षांपूर्वी सिलिंडर ४६ दिवस, ४९ दिवस, ४७ दिवस जायचा. मग ६३. मग ७१. मी विचारलं, “नातवंडं होती का आधी राहायला?” “नाही हो, दोघंच आम्ही.” मग पातेल्याकडे बघत म्हणाल्या, “रात्री आता काही शिजवत नाही. दूध-पोहे बरे पडतात, पचायलाही हलके.” दुधाच्या खाड्यांच्या जागी त्याच सुमारापासून ‘अ’ लिहिलेलं. अ म्हणजे अर्धा लिटर. फॉर्मवर त्यांची मधली चौकट होती.

आता मोजणीचं. माणसं १४० आहेत, तेव्हा टक्केवारीच्या फंदात पडू नका, सरळ माणसं मोजा. अशा प्रश्नांपैकी एकाला ‘हो’ म्हणणारा ओढाताणीत आहेच असं नाही. रिक्षा मीही सोडली आहे, रिक्षावाल्यांशी वाद घालायचा कंटाळा म्हणून. पण गोळ्या अर्ध्या, ठेव मोडलेली आणि दहा हजारांना फोन करायला माणूस नाही, हे तिन्ही एका घरात सापडलं, तर ते घर तुमच्या निधीचं. फॉर्मवर नाव नको, ओळखीची खूण नको. तुम्ही म्हणाल, नाव नसेल तर मदत कुणाला करायची? मोजणं आणि देणं ही दोन कामं आहेत. मोजून निधी किती मोठा हवा ते कळेल. देताना तुमच्याच कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे रक्कम जमा ठेवा आणि तो कुणाला किती सोडतो हे फक्त दोघांना ठाऊक असू द्या. त्यातली एक बाई असावी, आणि अध्यक्ष नसावेत.

शेवटचं, आणि हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. १४० सभासदांपैकी ११२ फॉर्म आले. उरलेल्या २८ जणांचं काय? ते सभेलाच आले नसतील. त्याहून पुढे जाऊन पाच वर्षांपूर्वीचं सभासदांचं रजिस्टर काढा. वर्गणी न भरल्यामुळे लाल शाईनं काट मारलेली काही नावं सापडतील. त्यातले वारलेले आणि मुलाकडे बंगळूरला गेलेले वगळा. बाकीच्यांनी वर्गणी का थांबवली, ते कुणी विचारलंय? ज्याला संघाची वार्षिक वर्गणी जड झाली, तो तुमच्या मोजणीत येणारच नाही. तो सारसबागेच्या बाकावर एकटा बसलेला असेल. सुरुवात त्या लाल काटांपासून करा. सहल वैशाखापर्यंत थांबेल.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, दरमहा चाळीस हजार पाठवतो. आमची पेन्शन नाही. सुरक्षित म्हणायचं का?
— एक दांपत्य, बाणेर

उत्तर : चाळीस हजार म्हणजे बरं चाललंय, नजर लागू नये. पण पैसे किती येतात यापेक्षा किती तारखेला येतात ते वर्षभर लिहून पाहा. एक तारखेची सात, सातची पंधरा होऊ लागली, तर तिकडे काहीतरी चाललेलं असतं आणि तो सांगत नसतो. दुसरं, हे पैसे थांबले तर किती महिने निघतील? उत्तर बारापेक्षा कमी असेल, तर त्यातले दहा हजार दरमहा आपल्या दोघांच्या नावावर बाजूला टाका. मुलाला सांगून टाका, चोरून नको.

प्रश्न : आमच्याकडे बावीस वर्षं काम करणाऱ्या मावशी आता ६७ वर्षांच्या आहेत. जनता वसाहतीत राहतात. पाच घरची धुणी-भांडी करून अकरा हजार मिळवतात. माझ्या वडिलांची पेन्शन त्याच्या निम्मी नाही. मग दोघांत खरं असुरक्षित कोण?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : मावशी. वडिलांची पेन्शन अंथरुणावर पडले तरी येते. मावशींचे अकरा हजार गुडघ्यांवर उभे आहेत. म्हातारपणी कमावतं असणं हे सर्व्हेत सुबत्ता म्हणून नोंदलं जातं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. कमावणाऱ्याला एकदा विचारून बघा, काम हौसेनं करता की थांबता येत नाही म्हणून.

सरकारी मदतीचंही असंच आहे. पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. मावशी आज त्या हिशेबानं सधन. काम सुटलं की कागदोपत्री पात्र ठरतील, मुलगा मिळवता नसला तर. आणि मग उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवाशी पुरावा गोळा करायला चालत फिरावं लागेल, ज्या पायांनी काम सुटलं त्याच पायांनी. कागद आत्ताच जमवून द्या, तुम्हाला दोन शनिवार लागतील.

आणि त्यांना एक विचारा. पंधरा दिवस येता आलं नाही, तर पाचांपैकी कुठलं घर आधी दुसरी बाई लावेल? हा क्रम कामवाल्या बायकांना तोंडपाठ असतो. तुमचं घर त्यात कितवं आहे, तेही विचारा.